दुसऱ्याच्या ताटात जेवणारं साम्राज्य

समोरचे दात नसतील तर नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये सैन्यभरतीतून सुटका होण्याची आशा असे. कारण साधं होतं. त्या वेळची बंदूक भरायची म्हणजे कागदी काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू रंजकासाठी बंदुकीच्या कानाशी ओतायची, उरलेली नळीत, आणि वरून गोळी नि कागद गजाने ठासायचा. दात नाहीत तर काडतूस फाटत नाही. म्हणून खेड्यापाड्यांतली वीस वर्षांची पोरं आपले पुढचे दात पाडून घेत. कुणी उजव्या हाताचा अंगठा तोडून घेई. जो डोंगरात पळून जाई त्याच्या आईबापांच्या घरात सरकार शिपाई बसवी, आणि मुलगा हजर होईपर्यंत त्या शिपायांचं खाणंपिणं घरच्यांच्या माथी असे.

हाच तो देश, जिथे १७९२ मध्ये स्वयंसेवकांच्या पलटणी गाणी म्हणत सरहद्दीवर गेल्या होत्या. तेव्हाही सगळे आनंदाने गेले नव्हते. १७९३ च्या वसंतात वांदे प्रांतातला भीषण उठाव भरतीवरूनच पेटला. तरी ‘हा देश आता राजाचा नाही, आपला आहे’ या भावनेत खरी ताकद होती, आणि २३ ऑगस्ट १७९३ च्या सार्वत्रिक भरतीच्या हुकुमानंतर वर्षभरात युरोपने पूर्वी न पाहिलेलं, सात लाखांच्या वरचं सैन्य उभं राहिलं. मग वीस वर्षांच्या आत त्याच लोकांवर दात पाडून घ्यायची पाळी का आली?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे. नेपोलियन महान होता, पण रशियाच्या थंडीनं त्याचा घात केला. शाळेत हेच शिकवतात, व्याख्यानांत ‘अशक्य हा शब्द माझ्या कोशात नाही’ हे वाक्य त्याच्या नावावर टाळ्या घेतं, आणि ‘एक खमक्या माणूस हवा, तोच सगळं ताळ्यावर आणेल’ म्हणणाऱ्यांना तो हाताशी धरायला बरा पडतो. या उत्तरानं आपली दिशाभूल होते, आणि ती निरुपद्रवी नाही. थंडी येण्याच्या कितीतरी आधी हे साम्राज्य आतून पोकळ झालं होतं. ज्या राज्याला आपल्या लोकांकडे पैसे मागावे लागत नाहीत त्याला त्यांचं ऐकावंही लागत नाही. नेपोलियनचं साम्राज्य या एका सोयीवर उभं राहिलं आणि तिच्यामुळेच कोसळलं.

सुरुवात पैशापासूनच करायला हवी. १७८९ मध्ये क्रांती झाली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि डिसेंबरात त्या जमिनींच्या तारणावर ४० कोटी लिव्रचे (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) ‘असिन्या’ नावाचे कागद काढले गेले. कल्पना वाईट नव्हती. कागद घ्या, त्यावर जमीन विकत घ्या, सरकारकडे परत आलेला कागद जाळून टाकू. जमीन जितकी, कागद तितका. पण युद्ध सुरू झालं, कर वसूल होईनात, आणि छापखाना मात्र हाताशी होता. १७९६ पर्यंत सुमारे ४,५०० कोटी लिव्रचे असिन्या छापून झाले. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला पॅरिसच्या वांदोम चौकात छपाईचे ठसे लोकांसमक्ष मोडून टाकावे लागले. पुढच्याच वर्षी, १७९७ च्या सप्टेंबरात, सरकारनं आपल्या कर्जापैकी दोन तृतीयांशाची जबाबदारी व्यवहारात झटकली. ज्यांनी सरकारला पैसे दिले होते त्यांच्या हाती तिसरा हिस्सा उरला.

याचा परिणाम पुढे पंधरा वर्षं पुरला. फ्रेंच सरकारला कुणी कर्ज देईना आणि सरकारचा कागद कुणी घेईना. मग लाखोंच्या फौजेला जेवू कसं घालायचं? उत्तर एकच उरलं होतं: तिला सरहद्दीपार पाठवायचं. १७९६ मध्ये सव्वीस वर्षांचा नेपोलियन बोनापार्ट इटलीत उतरला तेव्हा त्याच्या शिपायांच्या पायांत धड जोडे नव्हते. मिलान घेतल्यावर त्यानं लोंबार्दीवर २ कोटी फ्रँकची खंडणी बसवली, शिपायांचा निम्मा पगार रोख चांदीत दिला, आणि उरलेला पैसा पॅरिसला रवाना केला. इथे सत्तेचा तोल कायमचा फिरला. तोवर सरकार सेनापतीला पोसत होतं, आता सेनापती सरकारला पोसू लागला. नोव्हेंबर १७९९ मध्ये त्यानं संसदेत संगिनी घुसवल्या तो दिवस इतिहासात ठळक अक्षरांत आहे, पण सत्ता हातची गेली होती ती तीन वर्षं आधी, मिलानहून पहिली चांदी निघाली तेव्हा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. सारा युरोप क्रांतीच्या मुळावर उठला होता, अशा वेळी कणखर हात नसता तर क्रांतीच चिरडली गेली असती. तारखा मात्र वेगळं सांगतात. १७९९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सवर खरंच संकट होतं. पण सप्टेंबर अखेरीस मासेनानं झ्युरिकपाशी रशियन फौजेचा पराभव केला, ऑक्टोबरात ब्रूननं हॉलंडमध्ये उतरलेल्या इंग्रज-रशियन फौजेला माघार घ्यायला लावली. बोनापार्ट इजिप्तमध्ये आपलं सैन्य सोडून फ्रेजूसच्या किनाऱ्यावर उतरला तो ९ ऑक्टोबरला. त्यानं सत्ता बळकावली ९ नोव्हेंबरला. तोवर देश वाचला होता, आणि तो प्रजासत्ताकाच्याच सेनापतींनी वाचवला होता.

सत्तेवर आल्यावर पहिल्या चार वर्षांत त्यानं केलेलं काम मात्र नाकारता येत नाही. करवसुली गावच्या पंचांकडून काढून पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स आणि प्रत्येक जिल्ह्याला प्रीफेक्ट, म्हणजे पॅरिसहून नेमलेला जिल्हाधिकारी. १८०३ मध्ये नवा फ्रँक: ५ ग्रॅम वजन, दहात नऊ भाग शुद्ध चांदी. हे नाणं पहिल्या महायुद्धापर्यंत टिकलं. १८०४ ची २,२८१ कलमांची दिवाणी संहिता आजही फ्रान्सच्या कायद्याचा पाया आहे. चर्चच्या जमिनी ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडेच राहिल्या, जमीनदारांचे जुने हक्क परत आले नाहीत. शेतकऱ्याला क्रांतीतून जे हवं होतं ते त्याच्या हाती शाबूत राहिलं, आणि म्हणूनच त्यानं बाकीच्या गोष्टींकडे कानाडोळा केला.

त्या बाकीच्या गोष्टी कोणत्या? एका सभागृहाला चर्चेचा अधिकार होता पण मतदानाचा नव्हता, दुसऱ्याला मतदानाचा होता पण बोलण्याचा नव्हता. बोलणाऱ्या सभागृहातले टीकाकार १८०२ मध्ये गाळले गेले आणि १८०७ मध्ये ते सभागृहच बंद झालं. जानेवारी १८०० मध्ये एका हुकुमानं पॅरिसची राजकीय वृत्तपत्रं ७३ वरून १३ वर आली, १८११ मध्ये चार उरली. त्याच संहितेत पत्नीनं पतीची आज्ञा पाळावी असं कलम होतं. प्रजासत्ताकानं १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी १८०२ मध्ये वसाहतींत परत आणली गेली. तिच्यापायी कॅरिबियनमधल्या सां-दोमिंग वसाहतीत हजारो फ्रेंच शिपाई पिवळ्या तापानं आणि लढाईत मेले, आणि १ जानेवारी १८०४ ला तिथल्या माजी गुलामांनी हैतीचं स्वतंत्र राज्य उभं केलं. १८०४ पर्यंत जनमत तीनदा घेतलं. पहिल्याच वेळी, १८०० मध्ये, ‘होय’ची मतं ३० लाखांवर जाहीर झाली, प्रत्यक्षात ती सुमारे १५ लाख होती. उरलेली गृहमंत्री असलेल्या धाकट्या भावाच्या, ल्युसियँच्या कचेरीत वाढवण्यात आली. मुळात निम्म्या आकड्यानंही तो जिंकतच होता. तरी आकडा फुगवला गेला, कारण ही मतं त्याला परवानगी म्हणून नको होती, मिरवायला हवी होती.

आता त्या यंत्राकडे पाहू, ज्यामुळे हे सगळं दहा वर्षं निर्वेध चाललं. १८०५ मध्ये ऑस्टर्लित्झनंतर ऑस्ट्रियाकडून ४ कोटी फ्रँक. १८०६ मध्ये प्रशिया पडलं. १८०८ च्या तहात त्याच्यावर १४ कोटींचा बोजा ठेवला गेला, पुढे तो १२ कोटींवर आला. त्याआधी दोन वर्षं फ्रेंच फौज तिथेच राहिली, तिथलंच धान्य, तिथलेच घोडे. १८०९ मध्ये ऑस्ट्रियावर पुन्हा ८.५ कोटी. फौज परमुलखात असली की तिची भाकरी, कपडे, घोड्यांचा चारा यजमानाच्या डोक्यावर. फ्रेंच शेतकऱ्यावर थेट कर फारसे वाढले नाहीत, सरकारी कर्जरोख्यांचे भाव चढत गेले. १७९९ मध्ये दहा-बारा फ्रँकना मिळणारा १०० चा रोखा १८०७ मध्ये नव्वदीच्या पुढे गेला. बातम्या विजयाच्या, बाजार तेजीत, आणि युद्ध म्हणजे खर्च नव्हे तर मिळकत, अशी सगळ्या देशाची समजूत झाली.

जानेवारी १८१० मध्ये या मिळकतीसाठी स्वतंत्र तिजोरीच स्थापन झाली. खंडण्या, जप्त जमिनी, परदेशातली उत्पन्नं तिच्यात जायची. तिचा हिशेब अंदाजपत्रकात नाही, सभागृहापुढे नाही, चावी एकट्या सम्राटाकडे. सेनापतींना आणि सरदारांना इनामं तिच्यातून, जखमी शिपायांची पेन्शनं तिच्यातून, पुढच्या मोहिमेची बेगमीही तिच्यातून. ज्या फ्रान्सनं १७८९ मध्ये ‘आमच्या संमतीशिवाय कर नाही’ हे तत्त्व जाहीरनाम्यात लिहिलं, त्याच फ्रान्समध्ये संमती मागायचं कारणच शिल्लक राहिलं नाही. लोकांना लुटून कुणी त्यांचा हक्क हिरावला नाही, तो त्यांना न विचारता पोसून काढून घेतला गेला. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण हे यंत्र तीनच परिस्थितींत चालतं. मुलूख दाट वस्तीचा आणि सुपीक हवा, म्हणजे लाखभर माणूस वाटेतल्या कोठारांवर जगतं. लढाई थोडक्यात आटोपायला हवी, कारण एकदा ओरबाडलेल्या गावात दुसऱ्या महिन्यात काही नसतं. आणि हरलेला राजा शुद्धीवर हवा, ज्याच्याकडे खजिना आहे आणि जो तहावर सही करू शकतो. लोंबार्दी, बव्हेरिया, सॅक्सनी, ऑस्ट्रिया इथे हे सगळं जुळून आलं.

स्पेनमध्ये यातलं काहीच नव्हतं. १८०८ मध्ये नेपोलियननं तिथल्या राजाला आणि युवराजाला बायोनला बोलावून दोघांनाही गादी सोडायला लावली आणि आपल्या भावाला गादीवर बसवलं. आता सही करणारा राजाच उरला नाही. २ मे रोजी माद्रिदच्या रस्त्यांवर लोक उठले, जुलैत बायलेनला एका अख्ख्या फ्रेंच फौजेनं शस्त्रं ठेवली. १८११ पर्यंत साडेतीन लाखांच्या घरात फ्रेंच सैन्य त्या कोरड्या, डोंगराळ मुलखात अडकलं. एक निरोप पोचवायचा तर सोबत शे-दोनशे स्वार द्यावे लागत. पहिल्यांदाच पैसा उलट दिशेनं वाहू लागला.

आणि इथेच एक दुवा थेट आपल्या मातीत येतो. स्पेन-पोर्तुगालमध्ये फ्रेंचांना थोपवणारा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये दख्खनमध्ये लढलेला आर्थर वेलस्ली. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला त्यानं घेतला तो आधी धान्याच्या कोठारासाठी. २३ सप्टेंबरची असईची लढाई नंतर. दख्खनमध्ये ते साल दुष्काळाचं होतं, होळकर-शिंद्यांच्या फौजांनी मुलूख आधीच खरवडला होता, आणि लुटून खाणाऱ्या सैन्याला तिथे खायला काही नव्हतं. वेलस्लीची फौज चालली ती म्हैसूरच्या बैलांवर, जी टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती आली होती, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर, ज्यांच्याकडून तो धान्य रोखीनं घेई. तांदूळ आणि बैल असले की माणसं असतात, आणि माणसं असली की शत्रूला हरवता येतं, असा त्याचा हिशेब होता. हाच हिशेब त्यानं पोर्तुगालला नेला. बैलांच्या जागी खेचरं आली, अहमदनगरच्या जागी लिस्बन. १८१० च्या ऑक्टोबरात मासेना सुमारे ६५,००० माणसं घेऊन लिस्बनच्या दारात आला. समोर तोरेस वेद्रासच्या डोंगरांवर तटबंदीच्या रांगा, मागे रिकामी केलेली गावं. वेलिंग्टनच्या माणसांना जहाजांतून पीठ येत होतं. मासेनाची माणसं, ज्यांना नेहमीप्रमाणे मुलखावर जगायचं होतं, ती हिवाळाभर पडक्या घरांच्या भिंती फोडून दडवलेलं धान्य शोधत राहिली. मार्चमध्ये तो परतला तेव्हा सुमारे २५,००० माणसं कमी होती, आणि त्यांतली थोडीच लढाईत पडली होती.

इंग्रज सज्जन होते म्हणून पैसे देत होते असं समजायचं कारण नाही. हिंदुस्थानात त्यांच्या राज्याला रयतेची संमती कधीच नव्हती, आणि इंग्लंडातही तेव्हा मूठभर माणसांनाच मत होतं. पण त्या मूठभरांची संसद दरवर्षी अंदाजपत्रक मंजूर करत होती, १८०६ पासून उत्पन्नावर १० टक्के कर देत होती, आणि सरकारला कर्जही याच वर्गातून मिळत होतं. म्हणून इंग्लंड दहा वर्षं हरत राहूनही लढू शकलं. नेपोलियनला एक हंगामही हरणं परवडणारं नव्हतं.

इंग्लंडला उपाशी मारायचा त्याचा बेतही याच अडचणीतून आला. २१ नोव्हेंबर १८०६ ला बर्लिनहून त्यानं हुकूम काढला की युरोपच्या कोणत्याही बंदरात इंग्रजी माल उतरायचा नाही. समुद्र इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे हा हुकूम पाळायचा तर हंबुर्गपासून नेपल्सपर्यंत प्रत्येक किनारा ताब्यात हवा. व्यापारबंदीसाठी हॉलंड खालसा झालं, उत्तर जर्मनीचा किनारा खालसा झाला. १८११ मध्ये साम्राज्यात १३० जिल्हे आणि ४ कोटी ४० लाख माणसं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना कॉफी-साखर परवडत नव्हती. इंग्रजांच्या ताब्यातल्या हेल्गोलँड बेटावरून तस्करी चालली. साखरेसाठी १८११ मध्ये ३२,००० हेक्टरवर बीट लावायचा हुकूम निघाला. बीटसाखरेचा धंदा युरोपात पुढे रुजला, पण तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे महसूल कमी पडू लागल्यावर सरकार स्वतःच इंग्रजांशी व्यापाराचे परवाने विकू लागलं. जो व्यापार केला म्हणून रशियाला दटावायचं तोच आपण परवाना देऊन करायचा. १८१० च्या डिसेंबर अखेरीस झारनं फ्रेंच चैनीच्या मालावर जबर जकात बसवली, आणि पुढचं युद्ध ठरून गेलं.

आता ती थंडी. २४ जून १८१२ ला नेपोलियननं रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडली. जून का? घोड्यांसाठी. दीड लाखाच्या वर घोड्यांचा चारा कोठारांतून नेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे गवत वाढेपर्यंत थांबावं लागलं. रसद बांधली होती २४ दिवसांची: चार दिवसांची भाकरी शिपायाच्या पाठीवर, वीस दिवसांचं पीठ गाड्यांत. म्हणजे तीन-चार आठवड्यांत झारला गाठून हरवायचं आणि सही घ्यायची, जुनाच खाक्या.

त्या गाड्यांचं गणित कागदावर मांडून पाहावं. चार घोड्यांच्या मोठ्या गाडीत १,५०० किलो माल जातो. एका घोड्याला दिवसाला सुमारे ९ किलो दाणा-चारा धरला तर चारांना ३६ किलो. नेमानकाठचं कोव्नो ते मॉस्को ९०० किलोमीटरच्या वर. रोज २५ किलोमीटर गेलं तरी छत्तीस दिवस. छत्तीस दिवसांत त्या चार घोड्यांनी जवळजवळ १,३०० किलो खाल्लेलं असतं. गाडीत उरतात २०० किलो, आणि परतीचा प्रवास बाकी असतो. शिपायाची भाकरी दिवसाला ७५० ग्रॅम, म्हणजे लाखभर माणसांना रोज ७५ टन, अशा पन्नास भरलेल्या गाड्या. वाटेत गवत मिळालं तर आकडे थोडे सुसह्य होतात, पण गणित सुटत नाही. ते कडक उन्हाळ्यातही सुटलं नसतं.

आणि उन्हाळ्यातच ते फसलं. जूनअखेरच्या वादळी पावसानं लिथुआनियाचे वाळूचे रस्ते चिखल झाले, जड गाड्या रुतल्या. दाणा मागे राहिला म्हणून घोड्यांना शेतातली हिरवी राय आणि छपरांचं गवत घातलं गेलं. त्यानं पोटशूळ उठून काही दिवसांतच हजारोंनी घोडे मेले. घोडे मेल्यावर गाड्या गेल्या, गाड्या गेल्यावर पीठ गेलं. शिपाई कच्च्या धान्याची लापशी खाऊन हगवणीनं आणि टायफसनं पडू लागले. जुलैअखेर वितेब्स्कला पोचेपर्यंत मुख्य सैन्यातला तिसरा हिस्सा गळाला होता, आणि अजून एकही मोठी लढाई झाली नव्हती. १४ सप्टेंबरला मॉस्कोत शिरले ते सुमारे १ लाख. झारनं तहाच्या पत्राला उत्तरच दिलं नाही. नेपोलियन पाच आठवडे त्या सहीची वाट पाहत बसला. सही हा त्याच्या सगळ्या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा होता आणि तिच्याशिवाय काय करायचं हे त्याच्यापाशी नव्हतंच.

बर्फ आलं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यानं जे मारले ते बहुतांशी आधीच अर्धमेले होते. घोड्यांच्या नालांना बर्फावरचे खिळे नव्हते. अश्वशाळाप्रमुख कोलँकूरनं फक्त सम्राटाच्या तबेल्यातले घोडे तसे नाळबंद करवून घेतले होते. बाकीचे चढावर घसरून पडत आणि तिथेच खाल्ले जात. बेरेझिना नदीपाशी तर थंडी कमी पडली ही अडचण होती: मधेच बर्फ वितळलं, गोठलेलं पात्र मोकळं झालं आणि पूल बांधावे लागले. ओर्शाला पुलाचं सामान जाळून टाकायचा हुकूम झाला होता. जनरल एब्लेनं तो पाळताना दोन भाते, कोळसा आणि खिळे-हत्यारांच्या काही पेट्या मागे ठेवून घेतल्या. त्यांच्या जोरावर त्याच्या सुमारे चारशे माणसांनी स्तुद्यांका गावातली घरं उतरवून लाकूड मिळवलं आणि बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून दोन पूल उभारले. त्यांतले फारच थोडे घरी परतले, एब्लेही वर्षअखेर गेला. साम्राज्यात अशी माणसं शेवटपर्यंत होती. म्हणूनच चीड येते.

१८१३ मध्ये खंडणी देणारे सगळे देश एकेक करून उलटले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा युद्धाचं बिल फ्रान्सच्या घरी आलं. मार्चमध्ये गावांच्या सामाईक मालमत्ता विकून तिजोरी भरायचा कायदा झाला. गिऱ्हाईकं फारशी आली नाहीत. मीठ-दारूवरचे कर होतेच, त्यांत जमीन-घरांवरच्या करांत हुकुमानं वाढ. ऑक्टोबरात लाइपझिगला हार. डिसेंबरअखेर, इतकी वर्षं मुकं असलेलं सभागृह पहिल्यांदा बोललं. बोर्दोच्या लेने नावाच्या वकिलानं अहवाल मांडला: देश लढेल, पण शांततेचा खरा प्रयत्न आणि कायद्यानं दिलेल्या हक्कांची हमी हवी. मोठ्या बहुमतानं तो मंजूर झाला. नेपोलियननं सभागृह बरखास्तीच्या वाटेला लावलं आणि नव्या वर्षाच्या भेटीला आलेल्या सदस्यांना सुनावलं की फ्रान्सला माझी जितकी गरज आहे तितकी मला फ्रान्सची नाही. या वाक्यात उद्धटपणा होताच, पण ते दहा वर्षांचं खरं वर्णनही होतं. तीन महिन्यांनी ते खरं राहिलं नाही.

त्या हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये जे घडलं ते सगळ्यांत बोलकं आहे. वेलिंग्टन पिरेनीज ओलांडून आला. लुटालूट करणाऱ्या आपल्याच बाजूच्या बहुतेक स्पॅनिश पलटणी त्यानं परत पाठवल्या. स्थानिक शेतकरी परकं नाणं घेताना कचरत, तेव्हा त्यानं सैन्यातले नाणी पाडण्यात हात बसलेले शिपाई शोधून काढले आणि स्पॅनिश चांदीची फ्रेंच नाणी पाडून घेतली. फ्रेंच शेतकरी आपली गुरं, धान्य आणि दारू शत्रूच्या छावणीत विकू लागले, कारण तिथे दाम मिळत होता. स्वदेशी सेनापती सुल्तची फौज तेच सामान फुकट उचलत होती, कारण तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. परत येणाऱ्या जुन्या बूर्बाँ राजघराण्यानं लोकांना घातलेली मोठी आमिषं दोन: भरती नाही, आणि मीठ-दारूवरचे कर नाहीत.

३१ मार्च १८१४ ला पॅरिस पडलं. १८१५ मध्ये नेपोलियननं परत येऊन केलेलं शंभर दिवसांचं राज्य आणि वॉटर्लूची शेवटची हार हा त्याचा शेपटीचा भाग. तेव्हाच्या जनमताला मतदारांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शानं मत दिलं.

त्यानंतर काय झालं हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. नोव्हेंबर १८१५ च्या तहात फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकचा दंड बसला आणि तो फिटेपर्यंत दीड लाख परकी फौज देशात, तिचा खर्चही फ्रान्सकडेच. नेपोलियननं ऑस्ट्रिया आणि प्रशियावर बसवलेल्या, वर सांगितलेल्या तहांतल्या खंडण्यांची बेरीज याच्या निम्म्याहून कमी भरते. देश हरलेला, माणसं दमलेली, १८१६ ला पीकही बुडालं. तरी नव्या अर्थमंत्र्यांनी आधी साम्राज्याची जुनी देणी मान्य केली, सावकार तुटू दिले नाहीत. राजघराण्यानं दिलेलं वचन मोडून मीठ-दारूवरचे करही चालू ठेवले. मतदार फारच थोडे होते, पण सभागृह दरवर्षी अंदाजपत्रक ओळीनं तपासून मंजूर करू लागलं. १८१७ मध्ये लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी फ्रेंच रोखे उचलले. पुढच्या वर्षी घरातलं कर्ज खुलं केलं तेव्हा मागणी मालापेक्षा कितीतरी पट जास्त आली, आणि १८१८ च्या नोव्हेंबरात शेवटचा परकी शिपाई फ्रान्सबाहेर गेला, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी.